खोलोबा

रविवार, २७ ऑगस्ट २००६

संघर्षचा फोन, शिरूरहून. "ताई, लेख कुठाय?" — आबांची तब्येत कशी आहे, तू कशी आहेस, काही नाही. थेट लेख! माझा हा धाकटा भाऊ कंपनीत सुपरवायझर झाल्यापासून सगळ्या जगाला शिफ्टवर असल्यासारखं वागवतो.

धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होतायत. १४ ऑक्टोबरला शिरूरच्या विहारात मोठा कार्यक्रम आहे. छप्पन साली ज्यांनी स्वतःच्या हाताने घरातले देव बाहेर काढले त्यांचा सत्कार. तालुक्यात असे सातच जण उरलेत, आणि त्यात पहिलं नाव आमच्या आबांचं. सोपानराव — ते कमिटीचे अध्यक्ष — स्मरणिका काढणार आहेत. आबांवरचा लेख मी लिहायचा, असं संघर्षने परस्पर सांगून टाकलंय. "तू रोज काहीतरी खरडतेस ना," म्हणाला. हे खरडणं कुणी वाचू नये म्हणून असतं, हे त्याला कोण सांगणार.

आबांच्या कानावर घातलं. खाटेवर बसले होते. हं म्हणाले आणि पाय वर घेतले. आज पाय जास्त सुजलेत.

बुधवार, ३० ऑगस्ट

लेखात लिहायचं काय? आबांची गोष्ट सगळ्या तालुक्याला पाठ आहे. इथे एकदा कच्ची लिहून बघते.

निमोण्याच्या आमच्या घरात खोलोबा होता. दीड हात उंच दगडी देव, शेंदराने लिंपून लिंपून गोल झालेला, चांदीचे डोळे चिकटवलेले. माझ्या पणजोबांनी तो कुठल्याशा डोंगरातून डोक्यावर घेऊन आणला, असं म्हणतात. दर अमावास्येला शेंदूर-तेल, वर्षाला कोंबडं. घरात कुणाचं डोकं दुखलं तरी खोलोबा रागावला. छप्पन सालच्या थंडीत वस्तीने दीक्षा घेतली. लोकांनी आपापल्या देव्हाऱ्यातले टाक पोत्यात भरले, पण खोलोबाला हात लावायला कोणी तयार होईना. तो कडक देव! आजी तर उंबऱ्यात आडवी पडली. आबा तेव्हा सव्वीस वर्षांचे. त्यांनी आईला ओलांडलं, खोलोबा उचलला, बैलगाडीत घातला, शिरूरला नेला आणि घोडनदीच्या डोहात टाकून दिला. ते बघून मग बाकीच्यांनी आपापली पोती सोडली. वर्षभर वस्ती वाट बघत होती म्हाळूचं, म्हणजे आबांचं, आता काय होतं याची. काय झालं? रेल्वेत गँगमनची नोकरी लागली!

दर जयंतीला आबांना बोलायला उभं करतात. शेवट ठरलेला — "नावच खोलोबा. मग म्हणलं, खोल पाण्यातच बरा!" की हशा, टाळ्या. लहानपणी मी पुढे बसून या वाक्याची वाट बघायचे. टाळ्या पडल्या की मागे वळून बघायचे, सगळे हसतायत ना.

आबांनी जन्मभर दुसऱ्याने सांगितलेलं काम केलं. मुकादमाने सांगितलेले स्लीपर उचलले, खडी ठोकली, शिव्या खाल्ल्या. हे एकच काम त्यांनी आपल्या मनाने केलं. एवढं लिहिलं तरी लेख झाला, नाही का?

पण छापायचं म्हणजे तपशील हवा. तो डोंगर कुठला, म्हणून विचारलं. मला काय ठावं, म्हणाले. आपण रुळावरचा माणूस, डोंगर कुठं बघितलाय.

शनिवार, २ सप्टेंबर

दोन वेळा वीज गेली. घरात गदमदतंय. आबा उशाला दोन उशा घेऊन बसूनच झोपतात. आडवं झालं की दम लागतो.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

आता मुखपृष्ठाला फोटो हवा आहे. संघर्षला कुणीतरी सांगितलं की घोडनदीच्या उगमाकडे डोंगरात एक पडकं बौद्ध लेणं आहे. म्हणजे आपल्याच नदीवर दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू राहत होते! त्याला रजा नाही. मग कुणी जायचं? ताईने.

योगायोग असा की आमच्या दौंड स्टेशनच्या बुकिंग ऑफिसमधली सुरेखा दर पावसाळ्यात पुण्याच्या एका ग्रुपबरोबर डोंगर चढायला जाते. खिडकीवर बसून बसून पाठ धरते म्हणून पाय मोडायला जाते, असं मी तिला चिडवते. तिला विचारलं तर म्हणाली, सतरा तारखेला तिकडेच चाललोय, ये की. शेहेचाळिसाव्या वर्षी मी ट्रेकला!

आबांना हे मुळीच आवडलं नाही. पावसापाण्याचं कशाला, निसरडं असतंय, तिथं पडक्या दगडांत बघायचं काय — तासभर हेच. मी म्हटलं, शेजारच्या रंगुबाई दिवसभर तुमच्याकडे बघतील. तर म्हणे माझ्यासाठी न्हाई म्हणत. मग कशासाठी? त्यावर भिंतीकडे तोंड. रात्रीची भाकरी अर्धी ठेवली.

शनिवार, १६ सप्टेंबर

नवे बूट. आत्ताच चावतायत.

सोमवार, १८ सप्टेंबर

रजा टाकली. ऑफिसला सांगितलं, गुडघे. गुडघे दुखतायत हे खोटं नाही.

काल काय झालं ते क्रमाने लिहिते. नाहीतर माझं मलाच खरं वाटणार नाही.

पहाटेच्या गाडीने पुणे, तिथून मिनीबस. वीस-बावीस पोरंपोरी, रंगीबेरंगी रेनकोट, बस सुटल्यापासून भेंड्या. मी आणि सुरेखा धरून चाळिशीपुढच्या आम्ही दोघीच. पायथ्याच्या वाडीत उतरलो तर समोर डोंगर आहे की नाही हेच दिसेना, इतकं धुकं. वाट दाखवायला वाडीतल्या एक बाई घेतल्या. धुरपदा नाव. साठीच्या असतील. पाठीवर घोंगडीची खोळ, पाय अनवाणी. ग्रुपच्या लीडरने त्यांना सांगितलं, लेण्यांपर्यंत न्या. त्यांना कळेना. मग म्हणाल्या, "खोल्या व्हय? मग खोल्या म्हणा की."

दोन तास चढलो. म्हणजे पोरं सव्वा तासात पोचली, मी दोन तासांत. वाटेत दोनदा वाटलं, बसावं इथेच. धुरपदाबाई माझ्यासाठी थांबत होत्या आणि मी बघितलं की दुसरीकडे बघत होत्या, मला लाज वाटू नये म्हणून.

पडकं म्हणजे किती पडकं! पुढची सगळी भिंत दरीत गेलेली. खांबांचे नुसते बुंधे. आत एक चौक आणि त्याच्या तिन्ही बाजूंना कोरलेल्या खोल्या, एकेका माणसापुरत्या, आणि प्रत्येकीत झोपायला दगडाचा ओटा. ओट्यांवर शेळ्यांच्या लेंड्या. भिंतींवर कोळशाने नावं, बदाम, बाण. पाण्याचं टाकं शेवाळलेलं. लीडरने माहिती सांगितली — भिक्खू पावसाळ्यात प्रवास करत नसत, अशा ठिकाणी राहून अभ्यास करत. सगळ्यांनी ऐकलं, मग डबे उघडले. भिक्खूंच्या ओट्यावर ठेपले आणि लोणचं.

मी कोपऱ्यातल्या एका खोलीत जाऊन बसले. वंदना म्हणायची होती. इतकी वर्षं दर रविवारी म्हणते ती, पण इथे पहिल्याच ओळीवर थांबले. छतातून पाणी टिपकत होतं. इथं माणसं राहत होती, शिकत होती, आणि मग एक दिवस शेवटचा माणूस उठून गेला असेल. त्या दगडी ओट्याचा गारठा अंगात शिरला. फार एकटं वाटलं. आपलं काहीतरी होतं आणि ते आपल्याला कुणी दाखवलंच नाही, असं काहीतरी.

पोरं टाक्याकडे फोटो काढायला गेली, सुरेखाही गेली. धुरपदाबाई तेवढ्या आत आल्या. खोलीच्या दाराच्या दोन्ही अंगांना दोन कोनाडे आहेत, ते मी तोवर पाहिलेच नव्हते. उजव्या कोनाड्यात शेंदूर फासलेला एक दगड होता. बाईंनी त्याच्यापुढे रानातलं पिवळं फूल ठेवलं आणि हात जोडले.

मी सहज विचारलं, कुठला देव.

"खोलोबा," त्या म्हणाल्या. "धाकला."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. त्या जरा मोठ्याने बोलल्या, मला कमी ऐकू येत असेल म्हणून.

"खोल्यांतला देव म्हून खोलोबा. दोघं भाव हुते. ह्यो धाकला. थोरला हितं हुता." डावा कोनाडा दाखवला. मोकळा. "त्यो खाली देशाकडं गेला. माझा आजेसासरा सांगायचा. खालचा एक मानूस मुक्कामाला ऱ्हायला, पाऊस लई हुता. त्येच्या सपनात देव आला, म्हनला मला तुज्या घरी ने. सकाळच्याला घोंगडी गुंडाळली आन् डोक्यावर घिऊन गेला."

मी धाकल्याकडे नीट पाहिलं. ओलीने शेंदराचा एका अंगाचा थर गळून पडला होता. वरचं अर्धं तोंड लाल, एक डोळा चिकटवलेला. खालच्या बाजूला उघडा दगड. घातलेली मांडी. मांडीवर ठेवलेला हात, तळवा वर.

ध्यानात बसलेले बुद्ध. दुसरं कोण! असे मी जन्मभर पाहत आलेय. दुसऱ्या कोणी सांगायची गरजच नव्हती.

मोकळ्या कोनाड्यात हात घातला. खाली बैठकीची खाच आहे. कोपरापासून मोजलं. दीड हात भरला.

फोटो काढला नाही. कॅमेरा गळ्यात होता, बारा फोटो शिल्लक होते, पण त्या कोनाड्याचा काढला नाही.

उतरताना काहीच सुचत नव्हतं. फक्त एकच वाक्य डोक्यात — आबांनी बुद्धाला पाण्यात टाकलं. बुद्धाचं व्हायचं म्हणून बुद्धालाच टाकलं! मिनीबसमध्ये मला हसू यायला लागलं. थांबेना. सुरेखा म्हणाली काय झालं गं. गुडघे, म्हटलं. मग रडू आलं, त्यालाही गुडघेच कामाला आले.

मंगळवार, १९ सप्टेंबर

आबांनी विचारलं, कसं हुतं. पडकं होतं, पाऊस होता, म्हटलं. बरं, म्हणाले.

पुढे काही विचारलं नाही. मी सुटले.

गुरुवार, २१ सप्टेंबर

प्रवेशाचा एक फोटो, धुकं आणि खांबांचे बुंधे, पाकिटात घालून संघर्षला पाठवला. बाकी कुणालाही काही सांगितलं नाही आणि सांगणार नाही. सुरेखाला नाही, संघर्षला तर नाहीच. तो भाषण ठोकेल नाहीतर बोंब मारेल, दोन्ही नको.

आज खिडकीवर एका माणसाला मनमाडच्या ऐवजी मिरजेचं तिकीट दिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तो ओरडला तेव्हा मला बरं वाटलं, कुणीतरी ओरडायलाच हवं होतं.

रविवार, २४ सप्टेंबर

निमोण्याला जाऊन आले. ताईबाई आत्याकडे. आबांची धाकटी बहीण ती. नवरा गेल्यापासून माहेरीच असते. देव टाकला तेव्हा ती बारा वर्षांची होती. मला अजून एक आशा होती. खोलोबा नावाचे देव पुष्कळ असतील, दीड हाताचे दगडही पुष्कळ. कशाला आपण आपल्याच डोक्याला खुराक लावायचा?

लेखासाठी हवंय असं सांगून विचारलं, खोलोबा दिसायला कसा होता. आत्या मेथी निवडत होती. शेंदूर लावायचं काम तिच्याकडे असायचं, म्हणाली. तिच्या आईचे हात खरखरीत म्हणून पोरीच्या मऊ हाताने लावायचा.

"डोक्यावर बारीक बारीक गाठी हुत्या त्येच्या. बोटाला लागायच्या. आई म्हनायची, देवाला देवी आल्यात. हळू लाव, दुकंल त्येला."

देवी म्हणजे त्या काळची ती साथ, अंगभर फोड यायचे. वस्तीत कुणाला देवी आल्या की आजी लिंबाचा पाला आधी खोलोबाच्या डोक्यावर ठेवायची आणि मग आजाऱ्याच्या अंथरुणावर. खोलोबाला आधीच येऊन गेल्यात, त्याला कळतं, असं म्हणायची.

आमच्या विहारातल्या मूर्तीची धूळ दर रविवारी मीच पुसते. केसांच्या त्या बारीक कुरळ्या गाठींमध्ये धूळ अडकते, म्हणून जुना ब्रश ठेवलाय. मला माहीत आहेत त्या गाठी. बोटांना पाठ आहेत.

माझी आजी! देवाला दुखेल म्हणून पोरीचा हात लावायला लावणारी. तिला कुणी अक्षर शिकवलं नाही, देवळात घेतलं नाही, आणि तिच्या घरात कोण बसलेलं होतं हेही कुणी सांगितलं नाही. तिने त्याला फोड आलेत असं समजून सांभाळलं. त्यालाच वाचवायला ती उंबऱ्यात आडवी पडली होती. आणि आम्ही दर जयंतीला तिच्या अडाणीपणावर हसलो. मी मागे वळून बघायचे, सगळे हसतायत ना.

आत्या म्हणाली, बरं झालं दादानं नेला, लई धाक हुता त्येचा. मी म्हटलं, हो, बरं झालं. तिने मेथीची जुडी बांधून दिली.

गुरुवार, २८ सप्टेंबर

डॉक्टरांनी आज स्पष्ट सांगितलं. हृदय दमलंय, छातीत पाणी साठतंय. गोळ्या वाढवल्यात. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

संघर्षने लेखाला मथळासुद्धा ठरवलाय — "देव बुडवणारा माणूस". बॅनरवर हेच येणार.

चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतेय. सांगू का आबांना? सत्य सांगावं, असंच शिकले मी या घरात. पण काय सांगू? सत्त्याहत्तराव्या वर्षी, दोन उशांना टेकून श्वास घेणाऱ्या माणसाला सांगू की तुमच्या आयुष्यात तुमचं म्हणून एकच काम होतं आणि ते चुकलं? मग त्यांच्याकडे काय राहील? पेन्शन आणि सुजलेले पाय.

न सांगावं तर त्या बॅनरखाली बसून मला टाळ्या वाजवायच्या आहेत.

मनाला समजावून पाहिलं. मूर्ती म्हणजे दगडच. तथागतांनी कुठे सांगितलं माझी मूर्ती करा म्हणून? आबांनी भीती टाकली, दगड नाही. हे सगळं मी बालसंस्कार वर्गात मुलांना सांगू शकते, छान सांगेन. पण रविवारी ब्रश घेऊन मी दगड पुसत नसते, हे मला माहीत आहे ना.

आणि रागही येतो. कुणाचा, ते नीट कळत नाही. पणजोबांना स्वप्न पडलं त्याचा? नुसता शेंदूर खरवडून बघायला काय झालं होतं कुणाला? पण खरवडणार कोण. सगळे घाबरलेले.

शनिवार, ३० सप्टेंबर

लेख झाला. अडीच पानं. त्यातली दोन पानं रेल्वेची — उन्हात तापलेला रूळ, हातोडा, साप चावला तरी पूर्ण केलेली पाळी. शेवटचा एक परिच्छेद नदीचा, "आबा सांगतात की" असा सुरू होणारा. खोटं एक अक्षर नाही. खरंही नाही. संघर्षला आवडणार नाही, रेल्वे जास्त झाली म्हणेल.

सोमवार, २ ऑक्टोबर

रेल्वे जास्त झाली, म्हणाला.

शनिवार, ७ ऑक्टोबर

आज नवंच. आबा म्हणतात, सत्काराला येणार नाही.

आधी वाटलं दम लागतो म्हणून. खुर्चीतून नेऊ, गाडी दारात येईल, सगळं सांगून झालं. नाही म्हणजे नाही. संघर्ष फोनवर तडकला. कार्ड छापलीत, बॅनर झालाय, आमदार येणारेत! आबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि टेकून बसले.

दुपारी सोपानराव स्वतः जीप घेऊन आले, शिरूरहून दौंडला, याच कामासाठी. चांगला माणूस. साठीचे असतील, पण आबांच्या पुढ्यात जमिनीवर बसले. काय चुकलं आमचं, म्हणून विचारलं.

"काई चुकलं न्हाई," आबा म्हणाले. "सत्कार कशाचा करता? एक दगूड टाकला मी."

सोपानराव आणखी पुढे सरकले. मग म्हणाले, "आबा, त्या दिवशी माझा बाप पोतं घेऊन काठावर हुता. सोडवंना त्येला. पाय लटलट कापत हुते, मी धोतराला धरून उभा. तुम्ही टाकला तवा त्यानं टाकलं. तुम्ही मागं फिरला असता तर आम्ही समदी पोती घेऊन घरी गेलो असतो. आज मी, माझी पोरं, कुठं असतो सांगा."

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. चेहरा असा झाला की मला वाटलं, दुखतंय. पाणी घेऊन गेले. पाणी नको म्हणाले. मग म्हणाले, "येतो."

सोपानराव पाया पडून गेले. आबा खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. सांगून टाकावं असं तोंडाशी आलं होतं. त्यांना सत्काराचा मान नकोच आहे, मग ऐकून कदाचित हलकंच वाटेल! पण सोपानरावांचे वडील, ते पोतं, ती लटलट... हे सगळं मी एका वाक्यात कसं मोडू? आत गेले. भाजीला फोडणी दिली.

आता कधीच सांगणार नाही. ठरलं.

बुधवार, ११ ऑक्टोबर

आबांचा पांढरा सदरा कांजी घालून कडक इस्त्री केला. गळ्याला फार मोठा होतोय. महिन्यात केवढे वाळले.

शनिवार, १४ ऑक्टोबर

झाला कार्यक्रम.

निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, हजारभर माणूस. बॅनरवर आबांचा तरुणपणचा फोटो मोठा केलेला, खाली "देव बुडवणारा माणूस". बाकीच्या सहा जणांपैकी एक झोपून होते, त्यांच्या सुनेने शाल घेतली. संघर्ष स्टेजवर इकडून तिकडे, घामाघूम. आबांच्या गळ्यात हार घालताना मात्र त्याचे डोळे भरले. माझा भाऊ वाईट नाही, घाईत असतो इतकंच.

दोघांनी धरून आबांना माईकपुढे उभं केलं. मी पुढच्या रांगेत. आबांनी नेहमीसारखी सुरुवात केली — थंडी, गाडी, बैल बुजले ते. उंबऱ्याशी आल्यावर थांबले. आई आडवी पडली हुती, म्हणाले. पूर्वी इथे ते तिची नक्कल करायचे, लोक हसायचे. आज नुसतं म्हणाले, "तिला ओलांडून गेलो मी," आणि पुढे गेले. डोहापर्यंत आले. आणि गप्प. माईकमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता. पाच-दहा सेकंद गेली असतील. मंडपातून मागून कोणीतरी ते वाक्य पुरं केलं — खोल पाण्यातच बरा! सगळा मंडप हसला. टाळ्या थांबेनात. आबांनी हात जोडले आणि खाली बसले.

दम लागला, असं संघर्ष सगळ्यांना सांगत होता.

मी मागे वळून बघितलं नाही. टाळ्या वाजवल्या. काय करणार होते?

रविवार, १५ ऑक्टोबर

सकाळी आबांना चहा दिला. बशीत ओतला, फुंकला, आणि प्यायच्या आधी म्हणाले, "गौतमे, त्या खोल्यांतला थोरल्याचा कोनाडा अजून मोकळाच हाय का?"

कोनाड्याचा एक शब्द मी कुणापाशी काढलेला नाही.

मोकळाच आहे, म्हटलं.

"टाकला तवा दगडावर आपटला. शेंदूर सुटला. मांडी दिसली मला. माझ्या मागं समदी पोती घिऊन उभी हुती." चहा प्यायले. "मग धा उन्हाळं पाणी आटलं की उतरायचो डोहात. हातानं चाचपायचो. न्हाई घावला. मग त्या खोल्याबी हुडकून आलो एकदा, मोकळा कोनाडा बघून."

मी त्यांच्या पायाशी बसले. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"संघर्षाला सांगू नगं," म्हणाले. "त्येला झेपायचं न्हाई."